ओमानमधील पाच दिवस आणि पाण्याची एक पाळी

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर हौसेने वाळवंट पाहायला जावे, याची माझ्या नाशिकच्या मित्रमंडळींना मोठी मौज वाटली. वाळवंटात एक रात्र काढण्याची इच्छा खरे तर पत्नीची होती. मी केवळ नकाशा उघडून बसलो आणि त्यात अडकलो. मुंबईकराला गुवाहाटीपेक्षा मस्कत जवळ पडते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आणि ओमानचे सुमारे ३,०९,५००. म्हणजे आकाराने दोघे जवळजवळ सारखेच. लोकसंख्या मात्र तिकडे पन्नास लाखांच्या थोडी वर, आणि संपूर्ण देशात बारमाही नदी एकही नाही. नदी नसताना हा मुलूख तेल सापडण्यापूर्वी शेकडो वर्षे कशावर जगला, हा प्रश्न मनात घेऊन आम्ही नोव्हेंबरातल्या एका बुधवारी रात्री मस्कतला उतरलो आणि घड्याळ दीड तास मागे घेतले.

पाच दिवसांसाठी ठरवलेला मार्गदर्शक हाच गाडीचा चालकही होता. तो निझवाजवळच्या एका खेड्यातला, वयाने पन्नाशीचा, पांढरा पायघोळ दिशदाशा आणि भरतकामाची कुम्मा टोपी घालणारा गृहस्थ होता. तरुणपणी मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात एका गुजराती व्यापाऱ्याकडे काम केल्यामुळे त्याला हिंदी चांगले येत असे. मला तो ‘बाबा’ म्हणे आणि पत्नीला ‘मामा’. अरबीत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते त्यांचे वर्णन मी करीत नाही.

पहिला दिवस, गुरुवार : मस्कत

मुस्लिमेतरांना सुलतान काबूस मोठी मशीद सकाळी आठ ते अकरा या वेळातच पाहता येते आणि शुक्रवारी ती त्यांच्यासाठी बंद असते, म्हणून दिवसाची सुरुवात तिथूनच झाली. २००१ साली खुल्या झालेल्या या मशिदीसाठी भारतातून वालुकाश्म आणला गेला होता. मुख्य दालनातला ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद, २१ टन वजनाचा एकसंध गालिचा इराणातील विणकर स्त्रियांनी चार वर्षे खपून विणलेला आहे. त्यावर पाय न ठेवता पाहुण्यांनी कडेच्या पट्टीवरून चालायचे असते. डोळे दिपतात हे खरे, परंतु मला अधिक बरे वाटले ते बाहेरच्या ओवऱ्यांमधील सावलीत, जिथे दोन्ही बाजूंनी वारा खेळत होता.

दुपारी मत्रहच्या बाजारात मी धूप घेतला. तो दुप्पट भावाने घेतला, असे मार्गदर्शकाने नंतर गाडीत सांगितले, आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बाबा, तुम्ही इतक्या आनंदाने घासाघीस करीत होता.” तो धूप ज्या झाडाचा, ते झाड दक्षिणेतल्या धोफार प्रांतात होते. धोफार मस्कतपासून सुमारे हजार किलोमीटर दूर असल्याने ते आमच्या फेरीत नव्हते.

या शहरात भारत जागोजागी भेटतो, आणि तो आजचाच नव्हे. इथल्या चलनाचे, रियालचे, हजार भाग होतात आणि त्या भागाला ‘बैसा’ म्हणतात. हा शब्द आपल्या पैशाचाच आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ पासून जो वेगळा रुपया काढला होता, तो इथे १९७० पर्यंत चालत असे. १९३२ साली गादी सोडलेले सुलतान तैमूर बिन फैसल पुढे मुंबईत राहिले आणि १९६५ साली तिथेच वारले. जुन्या मस्कतमध्ये, पोर्तुगीज काळातल्या जलाली आणि मिरानी या दोन किल्ल्यांच्या आणि राजवाड्याच्या परिसरातच, मोतीश्वराचे शिवमंदिर आहे. तिथे आम्ही बेल मिळेल या आशेने गेलो नव्हतो, पण अभिषेकाचे पाणी पाहून मी अर्थातच विचारले की हे पाणी येते कुठून. उत्तर साधे होते. मस्कतच्या नळाला येणारे बहुतेक पाणी समुद्राचे, क्षार काढून गोड केलेले असते. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे पहिल्याच दिवशी मिळाले. पण ते तेलानंतरच्या काळाचे उत्तर होते.

दुसरा दिवस, शुक्रवार : निझवा

निझवाचा बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो, म्हणून पहाटे पाचला निघालो. अंतर १६० किलोमीटर. रस्ता हजर पर्वतातल्या समाइलच्या खिंडीतून जातो. उजाडले तेव्हा दोन्ही बाजूंना काळपट तपकिरी, गवताची काडीही नसलेले डोंगर उभे होते. प्रथमदर्शनी मला ते उन्हाळ्यातल्या सह्याद्रीसारखे वाटले. परंतु सह्याद्री म्हणजे जमिनीवर पसरलेला लाव्हा, आणि हे डोंगर म्हणजे समुद्राच्या तळाचा खडक, जो भूपृष्ठाच्या हालचालींत उचलला जाऊन जमिनीवर चढला. जगभरचे भूशास्त्रज्ञ तो पाहायला येतात, कारण महासागराखालचे जे थर पाहण्यासाठी एरवी समुद्रतळ खोदावा लागला असता ते इथे पायी फिरून पाहता येतात.

बाजारात एक गोल ओटा असून माणसे त्याच्या आत-बाहेर कडे करून बसतात आणि विकणारे बकऱ्यांना दोरीने धरून मधल्या वाटेने किंमत ओरडत गोल फिरतात. ज्याला जनावर पाहायचे तो हात करून त्याला थांबवतो, दात आणि कास तपासतो, आणि सौदा न पटल्यास फेरी पुढे सरकते. वाळवंटातल्या भटक्या बेदुइन जमातीच्या बुरखाधारी स्त्रियाही तितक्याच ठसक्याने भाव करीत होत्या. गदारोळ आपल्या लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारासारखाच होता; दलालाने रुमालाखाली बोटे धरण्याचा प्रकार तेवढा दिसला नाही.

निझवाचा किल्ला तेव्हा ओमानवर राज्य करणारे इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास बांधायला घेतला आणि त्याला बारा वर्षे लागली. हेच इमाम १६५० साली पोर्तुगीजांना मस्कतमधून घालवणारे. आपल्याकडे प्रतापगडाची तटबंदी चढत होती, जवळपास त्याच वर्षांत इथे ३६ मीटर व्यासाचा आणि ३० मीटर उंचीचा हा एकच प्रचंड बुरूज उभा राहत होता. आत जाणारा जिना अरुंद, वळणाचा आणि दर वळणावर दार असलेला आहे. प्रत्येक दाराच्या वर एक भोक असून त्यातून शत्रूवर खजुराचा उकळता पाक ओतत असत. खजुराच्या कोठारात जमिनीला पन्हळी आहेत. पोती एकावर एक रचली की वजनाने रस गळून त्या पन्हळींतून माठात उतरे. एकाच वस्तूचे अन्न आणि शस्त्र दोन्ही करणारी ही काटकसर मला भारी आवडली.

दुपारनंतर मात्र मी ज्यासाठी आलो होतो ते दिसले. गावाबाहेर फलज दारिस आहे. फलज म्हणजे भूगर्भातले किंवा झऱ्याचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या जोरावर शेतापर्यंत आणणारा पाट. ‘दाऊदी’ प्रकारच्या फलजमध्ये डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून पाण्याचा स्तर गाठतात आणि तिथून जमिनीखाली बोगदा काढून, त्यावर ठरावीक अंतराने हवेसाठी व सफाईसाठी कूपके ठेवून, पाणी मैलोगणती दूर गावात उजेडात आणतात. ज्यांनी छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर पाहिली आहे त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. ओमानात आजही सुमारे तीन हजार फलज वाहतात, आणि त्यांपैकी दारिससह पाच युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात घेतले.

पाटात गुडघाभर स्वच्छ पाणी होते आणि मुले त्यात पाय सोडून बसली होती. पाणी उजेडात येते तिथे आधी पिण्याचे भरायचे, मग मशिदीचे, त्यानंतर स्नानाच्या जागा, आणि सर्वांत शेवटी शेते, हा क्रम शतकानुशतके ठरलेला आहे. शेतांचा हिस्सा वेळेत मोजतात. सुमारे अर्ध्या तासाच्या मापाला ‘अथर’ आणि चोवीस अथरांना, म्हणजे बारा तासांना, ‘बद्दा’ म्हणतात. दिवसा उघड्या जागी रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून ही वेळ मोजत. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरचे घड्याळ ते काम करते. व्यवस्थेवर एक ‘वकील’, म्हणजे कारभारी, असतो, आणि फलजच्याच मालकीचे काही अथर लिलावाने विकून येणाऱ्या पैशांतून डागडुजी होते.

मी मार्गदर्शकाला आपल्या फड पद्धतीविषयी सांगू लागलो. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी नेत, जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घेत, आणि वाटप पाहायला पाटकरी व जागल्या गावानेच नेमलेले असत. तो मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने जो प्रश्न विचारला तो माझ्या खात्यातल्या कुणी मला कधी विचारला नव्हता : “तुमच्याकडे जमीन विकली तर पाणीही तिच्याबरोबर जाते?” मी होय म्हणालो. फलजवर तसे नाही. पाण्याचा हिस्सा जमिनीपासून वेगळा असतो. तो वेगळा विकता येतो, भाड्याने देता येतो, वारशाने येतो. जमीन नसलेल्या विधवेकडेही दोन अथर पाणी असू शकते आणि त्याच्या भाड्यावर तिचे घर चालू शकते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा असावा हे तत्त्व आम्हा सरकारी अभियंत्यांना स्वप्नाळूपणाचे वाटले होते. निझवाच्या त्या पाटावर उभे असताना मला त्या जुन्या चर्चांमधली माझी स्वतःची वाक्ये आठवली आणि ती मी पत्नीलाही सांगितली नाहीत.

मार्गदर्शकाकडे स्वतःचे दोन अथर होते, वडिलांकडून आलेले. त्याची पाळी येत्या सोमवारच्या मध्यरात्रीनंतर होती.

जब्रीनचा वाडा आणि बहलाचा मातीचा किल्ला त्याच संध्याकाळी पाहून झाला. बहलाला १९८७ पासून जागतिक वारशाचा मान आहे, पण आम्ही पोहोचलो तोवर ऊन कलले होते आणि बाहेरूनच पाहावे लागले. जब्रीनच्या रंगीत छतांपेक्षा मला एक गोष्ट लक्षात राहिली : १६७० च्या सुमारास हा वाडा बांधणारे इमाम बिलअरब यांची कबर वाड्याच्याच तळाशी आहे आणि वाड्यातून फलज वाहतो.

तिसरा दिवस, शनिवार : जबल अखदर

मुक्काम निझवालाच होता. सकाळी बिरकत अल मौज या गावात थांबलो. मौज म्हणजे केळे. गावाभोवती खरोखरच केळीच्या बागा आहेत. इथल्या फलज अल खतमैनचे पाणी एका ठिकाणी तीन सारख्या पाटांत विभागले जाते. मी बराच वेळ त्या त्रिभाजनापाशी ओणवा होऊन पाहत होतो. आमच्याकडे कालव्यांच्या विमोचकांवर, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडांवर, दारे, मोजपट्ट्या आणि तक्रारवह्या असूनही जे साधत नसे, ते इथे नुसत्या दगडी घडणीने साधले होते.

पुढे पोलीस चौकी लागते. चारही चाकांना गती असणाऱ्या गाडीशिवाय वर सोडत नाहीत, कारण उतरताना साध्या गाड्यांचे ब्रेक तापून अपघात होत असत. दोन हजार मीटर उंचीच्या सैक पठारावर हवा इतकी गार होती की पत्नीने शाल पांघरली. ‘अखदर’ म्हणजे हिरवा. पण डोंगर राखाडी आहे आणि हिरवळ फक्त दरीच्या कड्यावर उतरत गेलेल्या चिंचोळ्या पायऱ्यांच्या शेतांत आहे. अल ऐन, अल अकर आणि शुरैजा ही तीन गावे पक्ष्यांच्या घरट्यांसारखी कड्याला धरून आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीवरून सुटलेले पाणी शेवटच्या पायरीपर्यंत उतरत जाते. एप्रिलमध्ये इथे गुलाब फुलतात आणि मातीच्या भट्टीवर गुलाबपाणी काढतात. आम्ही गेलो तेव्हा झुडपे उघडी होती. डाळिंबांचाही हंगाम उलटला होता, तरी एका झाडावर चार-पाच तडकलेली फळे शिल्लक होती. राहुरीकडे ‘मस्कत’ नावाची डाळिंबाची जात पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते, हे मार्गदर्शकाला सांगितल्यावर त्याने लगेच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हाक मारून ते अरबीत ऐकवले. म्हातारा हसला आणि एक फळ तोडून पत्नीच्या हातात दिले. दाणे फिकट, गोड आणि बिया मऊ होत्या.

चौथा दिवस, रविवार : शर्कियाची वाळू

सकाळपासून चार तास सपाट, खडकाळ मैदानातून प्रवास झाला आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. बिदिया गावात गाडी एका पंपापाशी थांबवून मार्गदर्शकाने चारही टायरांतली हवा निम्म्याहून कमी केली. टायर पसरले की वाळूत रुतत नाहीत. गाव संपते आणि अक्षरशः शेवटच्या भिंतीला टेकून वाळू सुरू होते. पूर्वी वाहिबा नावाने ओळखले जाणारे हे वाळवंट सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटरचे आहे. उत्तरेकडच्या टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच, तांबूस, आणि उत्तर-दक्षिण अशा लांबच लांब रांगांत पडलेल्या आहेत, जणू कुणी प्रचंड नांगराने सरी-वरंबे काढले आहेत.

वाळूच्या कडेला विरळ रान होते. पत्नी एकदम म्हणाली, “ही तर शमी!” मार्गदर्शक म्हणाला, नाही, हे ‘घाफ’. दोघेही बरोबर होते. आपल्याकडे दसऱ्याला आणि गणपतीच्या पत्रीत जिचा मान, मराठवाड्यात जिला सौंदड म्हणतात, तीच ही शमी. तिची मुळे फार खोल जातात, त्यामुळे वर थेंब नसतानाही ती हिरवी राहते. उंट तिचा पाला खातात आणि बेदुइन तिच्या सावलीत तळ ठोकतात. पांडवांनी शस्त्रे शमीत लपवली, ही कथा पत्नीने हिंदीत सांगितली. त्यावर मार्गदर्शकाने विचारले, वर्षभर कुणालाच कशी सापडली नाहीत? प्रेत टांगले आहे असे भासवले होते, हे ऐकून त्याचे समाधान झाले.

एका बेदुइन कुटुंबाच्या झोपडीत प्रथम खजूर आणि मग वेलदोड्याची कडवट कॉफी मिळाली. कप रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे असल्यास तो उजव्या हाताने किंचित हलवून परत द्यायचा, हे मला चौथ्या कपानंतर समजले. तंबूंच्या मुक्कामी आमच्या खोलीला न्हाणीघर होते. पाणी कुठले, हे मी विचारणार हे ओळखून मार्गदर्शकाने आधीच मागच्या बाजूला बोट दाखवले. तिथे टँकर उभा होता. बीड-जालन्याकडच्या उन्हाळ्यांत ज्याच्यामागे धावण्यात माझी कित्येक वर्षे गेली, तोच तो टँकर, फक्त त्याच्यामागे हंड्यांची रांग नव्हती.

रात्री वाळू झपाट्याने गार झाली. चंद्र नव्हता. मार्गदर्शकाने आकाशात दोन-तीन तारे दाखवले आणि त्यांवरून त्याचे वडील पाण्याची वेळ कशी ठरवीत ते समजावले. त्याला स्वतःला त्यांपैकी निम्मेच तारे ओळखता येत होते, आणि मस्कतच्या एका कार्यालयात नोकरीला असलेल्या त्याच्या मुलाला एकही नाही, हे त्याने कोणतीही खंत न दाखवता सांगितले. मग त्याने मला विचारले की धुळ्याचे फड आता कसे आहेत. मी खरे ते सांगितले : विहिरी आणि पंप आले, वर धरणे झाली, ऊस आला; काही ठिकाणी फड टिकून आहेत, बऱ्याच ठिकाणी फक्त बंधाऱ्यांचे दगड उरले आहेत. तो म्हणाला, त्याच्या शेजारच्या गावातही पंपांनी पाणी इतके खाली नेले की फलज कोरडा पडला. त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

पाचवा दिवस, सोमवार : सूर आणि किनारा

वाडी बनी खालिदला सकाळी नऊलाच पोहोचलो. वाडी म्हणजे पावसाळी ओढ्याची दरी. ही मात्र वर्षभर वाहते. भोवती खजुरी आणि मधोमध हिरवेगार डोह असून त्यांत पोहायला अंगभर कपडे घालावे लागतात. मी पाय सोडून बसलो. लहान मासे तळपायाला चावू लागले, आणि शहरात ज्यासाठी पैसे देतात ते इथे फुकट झाले.

सूर हे जहाजे बांधणाऱ्यांचे बंदर. इथली लाकडी जहाजे मलबारच्या सागवानाची होती. १९५१ साली बांधलेले ‘फतह अल खैर’ हे जहाज आता किनाऱ्यावर जतन करून ठेवले आहे, आणि त्याचा नक्षीदार मागचा भाग पाहताना रत्नागिरीकडच्या जुन्या गलबतांची आठवण होते. जहाजांच्या कारखान्यात एकच सांगाडा उभा होता आणि त्यावर काम करणारे सुतार मल्याळम बोलत होते.

परतीचा रस्ता समुद्राला धरून आहे. जून २००७ मधल्या गोनू चक्रीवादळाने या किनाऱ्याची दाणादाण उडवली होती. त्या दोन दिवसांत कोरड्या वाड्यांतून लोंढे आले. बिम्मा येथे चुनखडीचे छत कोसळून तयार झालेला निळसर पाण्याचा खड्डा आहे. लोक त्याला आकाशातून पडलेल्या ताऱ्याची खूण मानतात. कुरियातजवळ वाडी दैकाच्या धरणाचा फाटा लागला, तेव्हा मी गाडी वळवण्याची विनंती केली. ७५ मीटर उंच, दहा कोटी घनमीटर साठ्याचे हे धरण, म्हणजे साडेतीन टीएमसी. आमच्या गंगापूर धरणाहूनही कमी. तरीही ते पाहायचे होते. मार्गदर्शकाने प्रथमच मला नकार दिला आणि घड्याळ दाखवले.

साडेसहाला मस्कतच्या मुक्कामी पोहोचलो. आम्ही त्याला जेवायला थांबवू पाहत होतो. त्याने उभ्याउभ्याच चहा घेतला. निझवा १६० किलोमीटर, तिथून गाव वेगळे. पाणी भाड्याने का देत नाहीस, असे पत्नीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, खजुरींखाली चाऱ्याचा घास लावला आहे. ही पाळी चुकली तर जळून जाईल.” आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर त्याला रात्री एक वाजता दारे धरायचे होते : पाटाच्या तोंडातला दगड आणि चिंध्यांचा बोळा काढायचा, एक तास वाफ्यांतून पाणी फिरवायचे, आणि पुढच्या हिस्सेदाराला हाक मारून तोंड पुन्हा बंद करायचे. त्याने आमच्या पिशव्या दारापर्यंत आणून ठेवल्या, गाडीच्या मागच्या भागातून रबरी बूट आणि बॅटरी पुढच्या आसनावर काढून ठेवली, आणि निघाला.